न धुतलेली पैरण

धसई, पौष महिना

प्रिय गिरजा,

अगो, मी पणजी झाले! गाडीवाला कमळू तुझ्या शहापूरहून आला तो बैल सोडायच्या आधीच ओरडला, म्हातारे, तुझ्या नातीला मुलगी झाली. मी तांदूळ पाखडत होते, सूप हातातून सुटलं. कोंबड्यांची मजा झाली. तुझी आई चुलीपाशी बसून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. शेजारची सकुबाई दारातून म्हणते, मुलगीच का? मी म्हटलं, तू काय मुलगा जन्माला आलीस होय? नाक कुणासारखं आहे ते कळव. कमळूला विचारलं तर म्हणतो, नाक नाकासारखंच आहे. पुरुषांना काय पाठवायचं बघायला!

अक्षर वाकडं आहे, कुणी हसलं तर हसू दे. तुझा बाप नवशा दोन यत्ता शाळेत गेला, तेवढंच माझंही शिक्षण. संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षर काढायचा आणि मला गिरवायला लावायचा. चुकले की म्हणायचा, आये, हात पुढं कर. त्याची छडी म्हणजे शेवग्याची शेंग. एकदा जरा जोरात लागली तर स्वतःच रडला. असा होता तो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मी डिंक जपून ठेवला होता, खोलीतल्या भिंती सारवल्या होत्या. पण तुझ्या सासऱ्यांचा निरोप आला, जिथं शिपायांची ये-जा आहे तिथं सून पाठवत नाही. ते पडले पोलीस पाटील, त्यांचीही काय अडचण असेल ती असेल. मी रागावले नाय. खोटं कशाला, रागावले होते. आता पोरीचं कळल्यावर राग कुठं ठेवला तेच आठवत नाय. सोबत अळीव आणि बाळंतशेपा पाठवते. कुंची माझ्या लग्नातल्या लुगड्याची आहे, काठ अजून घट्ट आहे. बाळाला पहिलं कापड जुन्या माणसाच्या अंगावरचं असावं, म्हणून दुपट्यासाठी तू बापाची पैरण मागितलीस. तिचं खाली लिहिते.

तुझ्या बापाचं तुला तिकडं अर्धंच कळलं असेल. नवशा पहाटे वालाच्या शेंगा घेऊन मुरबाडच्या बाजाराला निघाला. लढाई लागल्यापासून घासलेट कंट्रोलचं, आणि कंट्रोलवर गेलं की संपलेलं. कंदील गाडीच्या आखाखाली होता, पण कोरडा. नाक्यावर शिपायानं अडवलं, दिवा का नाय? हा म्हणाला, सरकारनं घासलेट द्यावं, मी आत्ता लावतो. तेवढ्यावरून त्याला नेला. बैल गाडी घेऊन आपले आपण घरी आले, शेंगा तशाच. आमी चौकीवर गेलो तर भेटू दिला नाय. भाकरी मात्र आत घेतली. दोन दिवसांनी सांगितलं, ताप येऊन गेला, घेऊन जा आणि उशीर करू नका.

तेव्हापासून धसईच्या बाजारात दुसरा विषय नाय. एक म्हणतो, कायदा म्हणजे कायदा, दिवा पाहिजेच. दुसरा म्हणतो, मग कायद्यानं घासलेट पण द्यावं. कोण म्हणतो प्यायला होता. होळीला प्यायचा, मी आई आहे, लपवत नाय, पण शेंगांची गाडी जुंपून कोण पितो? कुंडलिक न्हावी तर वस्तरा हातात धरून भांडतो. परवा टोकावड्याचा एक जण अर्धी दाढी तशीच घेऊन उठला, म्हणाला, तू आधी त्या शिपायाची कर. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन पाण्याच्या हंड्याला टेकून बसले. माझ्या पोराच्या मरणावर सगळ्यांनी मत दिलं गो, पण त्याची पाठ कुणी पाहिली नव्हती.

मी पाहिली. आंघोळ घालताना पाठीला चिकटलेली पैरण सुटेना. माझा दीर लखमा ओढायला लागला तर मी त्याचा हात धरला. लहानपणी नवशाला गळवं व्हायची, तेव्हा चिकटलेलं फडकं मी कोमट तेलानं सोडवायची. तसंच सोडवलं. त्याला आता काही लागणार नव्हतं, तरी हळूच सोडवलं. तापानं माणूस वाळतो, गिरजे. त्याच्या पाठीवर असे वळ उठत नाय. लखमा पाणी घालत होता, त्यानंही पाहिलं. आता विचारलं तर म्हणतो, वहिनी, माझी नजर अधू आहे. त्याच नजरेनं सशाच्या मागं धावतो.

बाजारातली ओरड वर कुठं तरी पोचली असेल. सोमवारी कल्याणचा साहेब इथं धर्मशाळेत बसून चौकशी करणार आहे. बाळाचं बारसं त्याच दिवशी, म्हणून मी येणार नाय. तुझ्या सासऱ्यांनी कमळूकडं निरोप धाडला आहे, म्हातारीला सांग, मेलेला परत यायचा नाय, पण नांदती पोर परत येऊ शकते. कमळू बिचारा मान खाली घालून सांगत होता. म्हणून हे पत्र. मी सोमवारी जाणार आहे, पोरी. त्याचं तुला काय भोगावं लागेल ते तुला आधी माझ्याकडून कळावं. कुणी बोललं तर ऐकून घे. कुणी दार दाखवलं तर रडत बसू नको, लेक उचल आणि ये. तुझ्या बापानं तुझ्यासाठी केलेला शिवणीच्या लाकडाचा पाळणा मी माळ्यावरून उतरवला, दोर नवा लावला, आढ्याला टांगलाही. रिकामाच हलवून बघते, कुरकुरत नाय. पैरण मात्र मागू नको. जन्मभर मी घरात मळकं कापड ठेवलं नाय, पण ती तशीच घडी घालून ठेवली आहे, पाण्याला लावली नाय. पोरीच्या अंगावर घालायची ती नव्हे गो. तिच्या आजाची पाठ आहे ती, सोमवारी साहेबापुढं उलगडायची आहे.

पाळण्याची दोरी धरून बसलेली,
तुझीच आजी