माझ्या वाक्यांचा उत्तरार्ध

मी, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरची शब्दकोडी रचणारा, घरात आणि वाचकांत ‘कोडेकार’ म्हणून ओळखला जाणारा, वय वर्षे अडुसष्ट, राहणार तळमजल्यावरचे रस्त्याकडचे घर, आज आपल्या मिळकतीची व्यवस्था लावून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. जीभ, मान, डावा हात आणि पाय जन्मापासूनच माझ्या हुकमात नाहीत, पण या कामात त्यांची गरजही नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, मला कोणी लालूच दाखवलेली नाही. हा मजकूर उजव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर अक्षर दाबून मीच टाईप केला आहे. यात चुका आढळल्या तर त्याही माझ्याच समजाव्यात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मी तोंडी काही कबूल केले होते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने कलम दोन वाचावे आणि मग बोलावे.

कलम एक. मिळकतीकडे वळण्याआधी माझ्या बोलण्याविषयी लिहिणे भाग आहे. उद्या या कागदावर वाद झालाच तर तो त्यावरूनच होईल. माझा शब्द तोंडातून सुटायला वेळ लागतो, आणि वाक्याला तर फारच. आमचे घर मायेचे, पण उतावळे. मी दोन शब्द बोललो की उरलेले वाक्य दादा पूर्ण करी, दादा नसला की वहिनी, आणि पुतण्याला बोलता येऊ लागले तसा तोही. मी ‘खिडकी’ म्हणालो की तिघेही खिडकीकडे धावत. खिडकी उघडी राहू द्या, पण पडदा ओढा, एवढेच मला म्हणायचे असे. खिडकी उघडली जाई, पडदा काही ओढला जात नसे आणि ऊन दिवसभर माझ्या तोंडावर. वर सगळ्यांना समाधान, की याचे मन आपल्याला किती कळते! माझ्या वाक्यांचे उत्तरार्ध त्या घरात कोणी ऐकलेच नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फरक इतकाच की इथे मारणाऱ्यांच्या डोळ्यांत प्रेम असे. लोकांनी माझ्या रिकाम्या चौकटी भराव्यात यावर माझे पोट चालले, हे खरे. त्या कागदावरच्या.

दादा गेल्यावर मी या घरी स्वतंत्र राहायला आलो आणि दिव्यांगांना सोबत देणाऱ्या संस्थेकडे सोबती मागितला. आला तो एक निवृत्त बस कंडक्टर. त्याने खुर्ची ओढली, समोर बसला आणि विचारले, “काय करू?” मी म्हणालो, “खिडकी…” आणि जीभ अडकली. तो उठला नाही. घड्याळाकडे नाही, खिडकीकडे नाही, माझ्याकडे बघत बसून राहिला. मला वाटले, हा बहिरा आहे की काय. अखेर माझे वाक्य पुरे झाले, तेव्हा त्याने उठून खिडकी उघडली आणि पडदा ओढला. मी त्या दिवशी जेवताना रडलो, आणि त्याने का म्हणून विचारले नाही. त्याचेही मला बरे वाटले.

सोबत्याचे काम म्हणजे काय, हे नातेवाइकांना अजून नीट उमगलेले नाही, म्हणून लिहितो. तो माझा नोकर नाही आणि पालक तर नाहीच नाही. तो माझे हातपाय होतो, माझी जीभ होत नाही. दुकानदाराने त्याला विचारले, “यांना कोणता रंग हवाय?” की तो छताकडे बघू लागतो. छताकडे इतक्या आस्थेने बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी दुकानदाराला नाइलाजाने माझ्याकडे वळावेच लागते.

कलम दोन. गेल्या वर्षी मी आजारातून उठल्यावर पुतण्या भेटायला आला. फळे आणली होती, आणि खिडक्यांना नव्या जाळ्या बसवायच्या म्हणून मोजपट्टीही. मी त्याला समोर बसवले आणि म्हणालो, “घर तुला मिळेल असं तुला वाटत असेल, प…”

“वाटतं काय, काका, खात्रीच आहे!” तो म्हणाला. “तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? मला सगळं कळलं.”

मी पुन्हा “प… प…” करू लागलो, तेव्हा त्याने मला पाणी पाजले. मग गळ्यात पडून रडला. ते रडणे खोटे नव्हते, हे मी मृत्युपत्रात मुद्दाम नोंदवतो. पण त्याच संध्याकाळी वहिनींनी सगळ्या नात्यात फोन फिरवले, की घर लेकाच्या नावावर करायचे भाऊजींनी कबूल केले. कबूल त्याने केले होते, माझ्या वतीने.

कंडक्टर तेव्हा कोपऱ्यातच बसला होता. पुतण्या गेल्यावर मी त्याच्यावर चिडलो.

“अहो, अडवायचं नाही का त्याला?”

“तुम्ही ‘अडवा’ म्हणाला असतात तर अडवलं असतं,” तो म्हणाला. “नाही तर तुमच्या तोंडचं वाक्य मीच पुरं केल्यासारखं झालं असतं. मग त्याच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला?”

तर पुतण्याने आणि नात्यातल्या सर्वांनी हा कागद त्या वाक्याचा राहिलेला भाग समजावा. ‘पण’च्या पुढचे सगळे इथे आहे.

कलम तीन. माझे राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते मी सोबत देणाऱ्या संस्थेच्या नावे करतो, एका अटीवर. माझ्यानंतर तिथे माझ्या ओळखीची एक शिलाईवाली राहील, आणि हयात असेपर्यंत तिला तिथून कोणी उठवू नये. ही बाई भावाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते, पायांनी चालू शकत नाही, आणि दोन दणकट माणसे मोकळी असतील तेव्हाच तिचे खाली उतरणे होते. तिलाही संस्थेची सोबतीण आहे, पण जिना काही सोबतिणीच्याने सपाट होत नाही. आमची ओळख फोनवरची. पहिल्यांदा फोन आला तो भांडायलाच, “आडवा सात चुकलाय तुमचा.” चुकला होता. पुढे ती दर आठवड्याला फोन करू लागली. एकदा म्हणाली, “या रस्त्यावरची माणसं मी टाळूवरून ओळखते. चेहरे कधी बघितलेच नाहीत.” ते ऐकल्यापासून हे घर मला माझे एकट्याचे वाटेनासे झाले.

घर तिला न विचारता दिलेले नाही. मी विचारले, आणि ती गप्प झाली. फोन कानाला धरून मीही गप्प राहिलो. थांबणे मला कंडक्टरने शिकवले आहे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “उंबरठा केवढा आहे?”

“काढून टाकलाय,” मी म्हणालो.

“मग येईन. पण मशीन माझं येणार, आणि रस्त्याकडची खिडकी माझी.” हिला ‘पण’ म्हणता येते, याचा मला आनंद झाला. खिडकी तिची.

कलम चार. बँकेतली सगळी शिल्लक पुतण्याला द्यावी. आयत्या बिळावरचा नागोबा असे त्याला कोणी म्हणू नये. माझ्या खुर्चीची चाके लहानपणापासून त्यानेच पुसली आहेत, आणि घर मिळणार या भरवशावर त्याने दुसरे घर बघायचे सोडून दिले, हेही मला ठाऊक आहे. ते त्याने आता बघावे. शक्यतो तळमजल्यावर. म्हातारपण त्यालाही यायचे आहे. बाळा, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तुझ्या मुलीला वाक्य पुरे करू देत जा. ती अडखळते तेव्हा तू फार घाई करतोस.

कलम पाच. बदकाचे चित्र असलेला, तोटीचा, झाकणाचा पेला मी वहिनींना परत करतो. मी पस्तिशीत असताना तो त्यांनी माझ्यासाठी लहान मुलांच्या दुकानातून आणला आणि पाहुण्यांसमोर मला त्यातून चहा पाजला. पाहुण्यांत माझे संपादकही होते. तो पेला मी तीस वर्षांहून अधिक काळ जपला तो केवळ या कलमासाठी. हिशेब मिटला.

त्यासोबत माझी उंच पाठीची आरामखुर्चीही वहिनींनी न्यावी. तिच्यातून उठताना गुडघ्यांवर जोर येत नाही. वहिनी, मला भरवल्याशिवाय तुम्ही कधी घास घेतला नाहीत. तुमचे जेवण रोज थंड झाले आणि तुम्ही कधी तसे बोलून दाखवले नाहीत. आई गेल्यावर मला आई मिळाली ती तुमच्यात. आता जिना उतरताना तुम्ही कठडा घट्ट धरता, हे मी बघितले आहे. संस्थेला फोन करा. सोबत घ्यायला लाज कसली? तुम्हाला आणि मुलाला ती आपली हार वाटेल. तशी ती नसते. फक्त सोबतीण आली की तिचे वाक्य पुरे करू नका.

कलम सहा. कोशाचे जाडजूड खंड शिलाईवालीने ठेवावेत, म्हणजे आडव्या सातवर कोणालाही धारेवर धरता येईल. न छापलेली कोडी संपादकांना द्यावीत. त्यांची उत्तरे मी लिहून ठेवलेली नाहीत. डोके चालवा म्हणावे.

कलम सात. हे माझ्या मनाला सर्वांत जड गेले. पहिल्या मसुद्यात मी सोबत्याच्या नावे माझा रेडिओ, लिहिण्याचे टेबल आणि बँकेतला एक हिस्सा लिहिला होता. मसुदा वाचून वकीलबाईंनी त्याला विचारले, “यांना हे सगळं नीट समजतंय ना?” तो छताकडे बघू लागला. बाई हुशार, लगेच खुर्ची माझ्याकडे वळवून बसल्या आणि त्यानंतर त्यांनी मला एकदाही घाई केली नाही. त्यांनी मला समजावले, “ज्याला काही मिळतं, तो साक्षीदार नको. आणि तुम्ही यांना एक काडी जरी दिलीत तरी पुतण्याचा वकील म्हणेल, सोबत्यानेच लिहवून घेतलं. मग घरही जाईल आणि तुमचा शब्दही.”

डॉक्टरीणबाई माझी बुद्धी शाबूत असल्याचे सांगू शकतात. पण ही वाक्ये माझीच आहेत हे सांगू शकेल असा माणूस मला जगात एकच आहे. घरी आल्यावर मी त्याच्यापुढे दोन्ही वाटा ठेवल्या: वाटेकरी किंवा साक्षीदार.

तो म्हणाला, “विचारताय की सांगताय?”

“विचारतोय.”

“मग साक्षीदार.”

म्हणून रेडिओ आणि टेबल घरातच राहतील. सोबत्याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, मिळू नये, आणि त्याने काही मागितलेलेही नाही.

कलम आठ. माझ्या इच्छेची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. करायचेच असेल तर मध्येच थांबून लोकांना थोडे ताटकळत ठेवावे, म्हणजे माझी आठवण येईल.

वकीलबाईंनी बजावले आहे, की सोबत्याच्या बाबतीत आता पुढे एक अक्षरही लिहू नका. ऐकतो. कंडक्टर, मी तुम्हाला काहीही देत नाही, पण

सही: कोडेकार (उजव्या हाताच्या त्याच बोटाचा ठसा)
स्थळ: माझे घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ सप्टेंबर, सकाळी, पडदा ओढलेला

साक्षीदार पहिली, डॉक्टरीण: यांना मी आज तपासले. प्रश्न यांनाच विचारले आणि उत्तरे यांच्याकडूनच ऐकली. बुद्धी पूर्ण शाबूत आहे. सही.

साक्षीदार दुसरा, सोबती, पूर्वीचा बस कंडक्टर: हे सर्व त्यांनी माझ्यासमोर स्वतः टाईप केले. मी कागद लावला आणि बसून राहिलो. शेवटचे वाक्य ‘पण’वर थांबले आहे. पुढे काही आहे का, असे मी विचारले. त्यांनी नाही म्हणून बोट हलवले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला ते कळले. मी ते पूर्ण केलेले नाही. सही.