जिन्यातल्या पाइपवर हात

४ मे, रविवार
आजही वरच्या मजल्यावरच्या हौसाबाईंच्या नळाला थेंब नाही! तळमजल्यावर सिद्धेशने थेट लाइनवर मोटर लावली, मग पहिल्या मजल्यावर आम्हीही. सगळे ओढतात, वर काही चढतच नाही. सत्तरीतली ती एकटी बाई हंडा घेऊन माझ्या दारात — "अगं देवयानी, तुझं झालं की दे हो एवढा भरून." दिला. त्यांच्याच वाट्याचं पाणी त्यांना दिलं आणि वर आशीर्वाद घेतला. लाज.

५ मे
पालिकेत गेले. साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मॅडम, अख्ख्या मानपाड्यात लावतात. तुम्ही जास्त पॉवरची लावा."

जास्त पॉवरची लावा! बी.ए.ला राज्यशास्त्र होतं माझं. मोठ्या माशाने लहान माशाला गिळू नये म्हणून लोकांनी राजा नेमला — पाठ करून लिहिलं होतं. त्या खुर्चीचं काम तेवढंच. आणि खुर्चीच सांगते, गिळा! मग खुर्ची हवी कशाला? कर कशाला भरायचा?

पण माझी मोटर अजून आहेच. आधी सिद्धेशने काढावी, मग मी. तोही हेच म्हणत असेल.

११ मे, रविवार
गच्चीवर मीटिंग. पाणी येतं त्या वेळात सगळ्यांच्या मोटरी बंद. एकमत! सिद्धेश हसला, "आणि कोणी चालू केली तर? बघणार कोण?" मग आमचे सेक्रेटरी भाऊ म्हणाले, "देवयानी बघेल. तिलाच फार चीड आहे." सापडेल त्याची मोटर काढून माझ्याकडे ठेवायची. घरी आल्या आल्या आमची काढून माळ्यावर टाकली.

१३ मे
जिन्यातल्या पाइपवर हात ठेवला की कळतं. कुणी ओढत असेल तर तो थरथरतो. आज गार, शांत. हौसाबाईंचा नळ करंगळीएवढा चालू! नाचायच्याच काय त्या बाकी होत्या.

१६ मे
सिद्धेश — "या इन्स्पेक्टरबाई, बाथरूम पण बघून घ्या." टोमणा होता. मी आत जाऊन बघितलंच.

१८ मे, रविवार
पाइप थरथरला. सिद्धेशच, दुसरं कोण! धावत गेले. त्याची बंद. भाऊंची बंद. वर गेले.

हौसाबाई.

त्यांच्या मुलाने, संदेशने खडवलीहून आणून बसवून दिलेली. "अगं, परत पाणी बंद झालं तर? म्हणून म्हटलं..." जिन्यात सगळे जमलेले. सिद्धेश माझ्याच तोंडाकडे बघत होता. ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांनीच! ओरडले. चारचौघांत, वाट्टेल ते. मोटर काढून आणली. नियम सगळ्यांना सारखा. बरोबरच केलं.

आवाज एवढा चढवायला हवा होता?

२० मे
पाणी सगळ्यांना पुरतंय. हौसाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जिना चढताना दिसले तशा गुडघ्यावर हात टेकून, कशाबशा उठून उभ्या राहिल्या.

"आत येऊन बघायचंय का, मॅडम?"