बाबांना कुठला देश मानवेल

१४ सप्टेंबर, रविवार
पितृपक्षातलं बाबांचं पहिलं श्राद्ध उरकलं. गुरुजी हेल्मेट घालून आले, हेल्मेट घालून गेले. मधल्या वेळात संस्कृत. पुढे गौलीगुड्यात त्यांना आणखी दोन घरची श्राद्धं होती. गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. एरवी अंबरपेठेत कावळ्यांचा सुळसुळाट, आज एक येईल तर शपथ. वंदना म्हणाली, मामंजींचं काहीतरी मनात राहिलंय. मी म्हटलं, मोबाइल टॉवरचा परिणाम. गणिताचा मास्तर आहे मी, सुनेसारखं हळवं होऊन कसं चालेल?
तेवढ्यात कठड्यावरून एक राखाडी बोका आला. आधी वडा खाल्ला, मग खीर. मग माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या वरून बघितल्यासारखं. चष्मा नव्हता.
केवळ निरीक्षण म्हणून नोंद.

१६ सप्टेंबर, मंगळवार
बोका जिना उतरून घरात आलाय. बाबांच्या वेताच्या खुर्चीत बसतो. घरात खुर्च्या सहा, म्हणजे शक्यता एक षष्ठांश. यात गूढ काही नाही.
संध्याकाळी मी पेपर उघडला तर येऊन निधनवार्तांवर बसला. बाबा पेपर तिथूनच सुरू करायचे. 'आज आपल्यातलं कोण?' विचारायचे.
मी पान उलटलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
निश्चय! परदेशात जाऊन शिकवायचं. वीस वर्षांची इच्छा. याआधी दोनदा संधी आली होती. दोन्ही वेळा बाबांना सांगितलं, दोन्ही वेळा ते 'बघू' म्हणाले आणि कुशीवर वळले. सरकारी खात्यात जन्म गेला, फाइल कशी दाबायची ते त्यांना कोण शिकवणार? आता अडथळा नाही.
सिकंदराबादला खलीलभाईंच्या ऑफिसात गेलो. ते बाहेरच्या शाळांना मास्तर पुरवतात. पगार किती पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, पगार दुय्यम, तिथल्या लोकांचा पाळीव प्राण्यांकडे बघायचा दृष्टिकोन कसा आहे ते सांगा. खलीलभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, "सर, पढाना बच्चों कूच है ना?"
माणूस धंद्याला चांगला, पण उथळ.
घरी वंदनाला सांगितलं की मुक्या जिवाला टाकून जाणाऱ्यांतला मी नाही. ती म्हणाली, "अहो, मागच्या महिन्यापर्यंत तुम्ही गल्लीतल्या कुत्र्यांना छत्री दाखवत शाळेत जात होतात." माणूस बदलतो, हे बायकांना मान्यच नसतं.

५ ऑक्टोबर, रविवार
देशांचा शास्त्रशुद्ध अभ्यास.
जपान: मांजरांचं कौतुक फार, पण तिथे म्हणे हॉटेलात जाऊन तासाचे पैसे भरायचे आणि मांजराच्या पाठीवरून हात फिरवायचा. या वयात, अनोळखी लोकांकडून! रद्द.
जर्मनी: शिस्त आवडली असती. पण पाळीव बोक्यांचं ऑपरेशन करून टाकतात असं ऐकलं. मला तो फॉर्म भरता येणार नाही. कुठल्याच मुलाला येणार नाही.
तुर्कस्तान: इस्तंबूलात रस्त्यावरच्या मांजरांना लोक घरच्यासारखं खाऊ घालतात. पण रस्त्यावर. आमचे लोक कधी रस्त्यावर जेवले नाहीत.
खलीलभाईंना फोन करून कळवलं. म्हणाले, "आप बिल्ली कू भेजो सर, आप इधरीच रहो."

१२ ऑक्टोबर, रविवार
आज दूध घेतलं नाही त्यांनी. वाटी बदलून बघितली, तरी नाही. शेवटी बाबांचा स्टीलचा पेला काढला, त्यात तोंड जाईना. मग बशीत ओतलं तेव्हा घेतलं. चहासुद्धा बशीतूनच प्यायचे.
खरं तर वर असं लिहायचं होतं की बोक्याने दूध घेतलं नाही. आता खोडत नाही, वही खराब दिसते.

२० ऑक्टोबर, सोमवार
दिवाळी. फटाक्यांच्या आवाजाने ते पलंगाखाली जाऊन बसले. मी पण खाली वाकून सोबत केली. पाठ धरली.
वंदना म्हणाली, याचं पोट बघितलंत का? मी म्हटलं, फराळाच्या दिवसांत त्यांचं नेहमीच सुटायचं. ती दिवा घेऊन बाहेर गेली.

२ नोव्हेंबर, रविवार
मस्कत!! भारतीय शाळा, गणित, राहायला घर. खलीलभाई स्वतः घरी आले. शपथेवर म्हणाले, "मस्कत में बिल्ली की इज्जत है सर. मास्टर से जादा." हेच तर पाहिजे होतं. दुसऱ्या सत्रापासून हजर व्हायचं, हो-नाही या आठवड्यात कळवायचं.
वंदनानेही मध्येच प्रश्न विचारले. घराला गॅलरी आहे का, हिंदीचे तास किती असतात. वीस वर्षं प्राथमिकला हिंदी शिकवते, तिला विषय सोडवत नाही. मी खुणेने गप्प केलं. खलीलभाई मात्र अदबीने उत्तरं देत बसले.
ते गेल्यावर ऑफरचा कागद खुर्चीसमोर धरला. वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले आणि कुशीवर वळले.
उद्या पुन्हा विचारीन. त्यांना घाई केलेली आवडत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
वंदना बाहेर गेली होती. मी भर दुपारी उत्तरपत्रिका तपासत होतो. बाबांच्या खोलीतून खोकला आला. तोच. आधी कोरडा, मग घसा साफ करणं, मग खुर्चीची करकर. मला इथे लिहायलाच हवं की मी घाबरलो नाही. पेन खाली पडलं ते वेगळ्या कारणाने.
खोलीत गेलो. बामाचा वास. खुर्चीत ते. मी दारातच उभा राहिलो, शाळेत असताना प्रगतिपुस्तक घेऊन उभा राहायचो तसा. म्हटलं, "बाबा, जाऊ का?"
ते उठले. माझ्या पायांवरून घासत गेले आणि पलंगाखाली, बाबांच्या जुन्या रजईत शिरले. बाहेर आलेच नाहीत.
हो म्हणाले की नाही? एवढं आयुष्य गेलं, मला त्यांचं कधी कळलंच नाही.
खलीलभाईंचा फोन वाजत होता. घेतला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळी बाबांना चार पिल्लं झाली.

१० नोव्हेंबर, दुपारी
शाळेत गेलो नाही. वंदना रजईशेजारी बसून हसत होती. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "अहो, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण तुम्ही तिच्याशी इतकं बोलत होतात. मामंजींशी कधी बोलला नाहीत तेवढं. कसं सांगायचं?"
मांजरी माझ्याकडे बघत होती. साधं मांजर बघतं तसं. त्यात बाबा कुठेच नव्हते.
मग खोकलं कोण?

११ नोव्हेंबर, मंगळवार
तर्काने विचार केला. बाबा नाहीत, बोका नाही, म्हणजे अडचणही नाही. मनावरचं ओझं उतरलं. खलीलभाईंना फोन केला, म्हटलं मस्कत पक्कं, प्राण्यांची अट मागे.
म्हणाले, "सर, मॅथ्स तो शनिवार कूच भर गई. आप फोनच नै उठाए." मग आवाज एकदम गोड करून, "मगर मुबारक हो. हिंदी में भाभीजान का हो गया ना. बोले नै क्या घर में?"

१६ नोव्हेंबर, रविवार
वंदना जाणार. दोन वर्षांचा करार. तिने ऑनलाइन मुलाखत स्वयंपाकघरात दिली म्हणे, कुकर बंद ठेवून. मी तेव्हा पलंगाखाली दूध सरकवत होतो.
मी शांतपणे समजावलं. तिथलं ऊन. तुझे गुडघे. सणवार कोण करणार? या वयात लोक काय म्हणतील? आपल्या घरातली बाई कधी अशी एकटी गेली नाही. आणि पिल्लांचे डोळेसुद्धा अजून उघडले नाहीत.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग आत गेली, चहा करून आणला आणि वेताच्या खुर्चीच्या हातावर कप ठेवला. खुर्चीत मी होतो. कधी बसलो आठवत नाही.
म्हणाली, "घ्या मामंजी, गार होईल."
चूक तिच्या लक्षात आली नाही. किंवा चूक नसावी.
चहा घेतला. साखर कमी होती. तसं सांगितलं.