माझ्या हातचे करडे पाइप

३ मार्च, सोमवार

"आलं का पाणी?" — चाळीस वर्षांपूर्वी नळकामातला माझा जोडीदार गच्चीवरून पाइपात तोंड घालून ओरडायचा आणि तळमजल्यावर माझ्या कानात तो आवाज गडगडत उतरायचा. आज तेच पाइप भिंतीतून निघाले. आमच्या इमारतीला नवे बसतायत. करडे, पीव्हीसीचे, माझ्या हातचे!

शाळेपासून कवितेचं वेड. म्हणून प्रत्येक कामावर एखाद्या पाइपावर काळ्या रंगानं स्वतःच्या दोन ओळी लिहायचो. गवंडी हसायचे. हसू देत.

ठेकेदार म्हणाला, "काका, मागे खड्डा खणलाय. टाकायचं, माती लोटायची, विषय संपला." मी म्हटलं, पुरलेस तर यातलं शिसं मातीत जाईल, जाळलेस तर धूर आपल्याच छातीत. शुक्रवारपर्यंत थांब. दळून पुन्हा पाइप करणारा कारखाना मला ठाऊक आहे.

४ मार्च

कारखानदार फोनवर: "गोंदाचे सांधे नकोत, सिमेंट नको. दुसरं प्लास्टिक निघालं तर अख्खी गाडी परत." माझ्या नजरेतून सुटेल? तुकडा बादलीत टाकायचा — बुडाला तर आपल्या जातीचा, तरंगला तर परका.

सूनबाई: "बाबा, न्हाणीघरातली बादली तेवढी सोडा."

५ मार्च

एकशेबारा सांधे कापले. खांदा बोलतोय.

६ मार्च

ठेकेदार आज करवत घेऊन शेजारी बसला. कापता कापता टोमणा: "काका, तुमच्या काळात उरलेले तुकडे काय देव्हाऱ्यात ठेवायचात?"

"पुरायचो," म्हटलं. "माती माय आहे, सगळं पोटात घेते असं वाटायचं."

तो हसला. मीही. तेव्हा कुठे काय कळत होतं? आता कळतंय ना, मग झालं.

७ मार्च, शुक्रवार

गाडी गेली. एकही तुकडा परत नाही! ठेकेदारानं खड्डा रिकामाच बुजवला. जेवून मस्त आडवा झालो.

दुपारी बेल. दारात पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका — कधी न आलेल्या. हातात मातीनं माखलेला करडा तुकडा.

"मैदानात झाडं मूळ धरेनात म्हणून खणलं. खाली असा ढीगच आहे. शाळेचे नळ तुम्हीच घातले होते ना?"

तुकडा नळाखाली धरला. काना-मात्राही हललेली नाही:

माती पोटी घेई सारे,
मागे उरती फक्त वारे.

मी करवत शोधू लागलो. सूनबाईनं न सांगता बादली आणून दिली.