नववे खेचर राखाडीच ठेवावे

मी, ज्ञानदेव सखाराम ओव्हाळ, वय ६७, राहणार रहाटणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. नेहा बनसोडे यांनी दिला आहे. पत्नी कस्तुराचे मत वेगळे आहे, ते येथे नोंदवण्याची गरज नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक कस्तुराची. चिरंजीव संघर्षने आईला वाकडच्या फ्लॅटवर प्रेमाने बोलवावे, ओढून नेऊ नये.

२. माझी लोखंडी शिडी शेजारी अर्जुनराव नखाते यांच्याकडे सहा वर्षे आहे. ती आता त्यांचीच. मी मागून मागून दमलो.

३. कॉम्प्रेसर, स्प्रे गन व सर्व ब्रश सूनबाई मिनलला. संघर्षला नाही. तो गुणी मुलगा आहे, पण त्याला तपकिरी म्हणजे तपकिरी, एवढेच कळते. मिनलने एकदा माझ्या मागे उभे राहून सांगितले, "बाबा, सावलीला नुसता काळा नका घेऊ, थोडा निळा घाला." पिंपरीच्या कंपनीत पेंट शॉपला बत्तीस वर्षे काढली, हे मला कोणी शिकवले नव्हते. पोरीला नजर आहे.

४. आता खरी मालमत्ता. लष्करी खेचरे, धातूची, नग नऊ, प्रत्येकी अडीच इंच उंच, पाठीवर खोगीर आणि ओझे. कस्तुराचे थोरले बंधू धम्मरत्न गंगावणे अठरा वर्षे लष्करात खेचरांच्या तुकडीत होते. त्यांच्या साठीला भेट द्यायची म्हणून मी ही आणली आणि नऊच्या नऊ एकाच शेडमध्ये रंगवली. कंपनीत दरवाजा आणि बॉनेटची शेड केसभर जरी वेगळी निघाली तरी गाडी रिजेक्ट व्हायची. माझ्या नऊ खेचरांत तसूभर फरक नव्हता. छाती फुगवून घेऊन गेलो.

मेहुण्यांनी एक उचलले, उलटेपालटे केले आणि चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "दाजी, ही खेचरं न्हाईत. ह्या शोरूममधल्या गाड्या हायेत."

मला असा राग आला की नऊही उचलून परत घरी आणली! दीड वर्ष त्यांच्या काळेवाडीच्या घराची पायरी चढलो नाही. मग एका वीटभट्टीवर ओझ्याची गाढवे पाहिली. एकासारखे दुसरे नव्हते. तोंडे पिठात बुडवल्यासारखी फिकट, पोटे उजळ, गुडघ्यांवर धूळ. माझे काय चुकले ते तिथेच उमगले. मुकाट्याने मेहुण्यांकडे गेलो. त्यांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही, चहा सांगितला.

त्या माणसाला मी मानतो. डोळे मिटून बसतात आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे जनावर समोर उभे करतात. "ही बिजली. चॉकलेटी, पण पोटाखाली चहात दूध जास्त झाल्यावानी. खोगीर घासून पाठीवर पांढरे केस आले व्हते, तिथं दोन ठिपके द्या. पट्ट्याखाली घामाचं मीठ दाखवा." एकाही जनावरात त्यांनी दुसऱ्याचा रंग मिसळला नाही. अशी शेड कार्डे कुठल्याच कंपनीत नसतात. त्यांच्या सांगण्यावरून आठ खेचरे मी खरवडून पुन्हा रंगवली. त्यांवर कोणीही, विशेषतः संघर्षने, चकचकीत लॅकर मारू नये. नऊही मेहुण्यांना द्यावीत, त्यांच्या पश्चात मिनलला.

५. नववे, रांगेत सर्वांत पुढचे, अजून नुसत्या राखाडी प्रायमरच्या अस्तरात आहे. त्याचा रंग विचारला की मेहुणे म्हणतात, "राहू द्या की, दाजी," आणि कपातला चहा तसाच ठेवून उठतात. सात वर्षे हेच चालले आहे. आम्ही दोघे म्हातारे जाऊ आणि त्या जनावराचा रंग कोणालाच कळणार नाही, याचे मला फार वाईट वाटते. तरीही अंदाजाने कोणी ब्रश लावू नये. नववे खेचर <s>राखाडीच ठेवावे.</s>

दुरुस्ती, त्याच दिवशी, साक्षीदारांसमक्ष:

वरील मजकूर मी मोठ्याने वाचत असताना कलम ५ ला मेहुणे म्हणाले, "थांबा." मग खाली बघतच बोलले.

"पांढरी व्हती ती. मोती. काळ्या खडकावर दुश्मनाला लांबनं दिसायची, म्हणून मीच तिला तपकिरी केली. जखमा धुवायचं जांभळं औषध, वाळलं की तपकिरी पडतं, ते पाण्यात घट्ट कालवलं आन् अंगभर चोळलं. कुणाचा हुकूम नव्हता, माझंच डोकं. सकाळी बघतो तर बर्फ पडल्यालं. समदं पांढरं, आन् मधी माझी मोती तेवढी उठून दिसत व्हती. पहिला गोळा तिच्यावरच आला. आता तुमीच सांगा दाजी, कुठला रंग सांगू?"

कस्तुरा उठून भावाजवळ जाऊन बसली. अर्जुनराव हळूच म्हणाले, "दोनी सांगा की, राव."

सबब कलम ५ मधील शेवटचे दोन शब्द मी खोडले आहेत. त्याऐवजी असे वाचावे: मोतीला आधी सर्वांगाने पांढरे करावे. ते पुरते वाळू द्यावे. मग वरून तपकिरीचा इतका पातळ हात द्यावा की खालचे पांढरे जाणवत राहील. कानांमागे हात लावू नये. तिथे ती औषध चोळू देईना, असे मेहुणे सांगतात, आणि हे सांगताना ते हसले.

हे काम मिनलवर सोडलेले नाही. मेहुण्यांना चष्म्यानेही धड दिसत नाही, म्हणून ते शेजारी बसून सांगतील आणि मी रंगवीन. मोती पुरी होईपर्यंत मला मरता येणार नाही, याची सर्व वारसांनी नोंद घ्यावी.

खाडाखोड एक, मला मान्य.

(सही) ज्ञानदेव सखाराम ओव्हाळ

साक्षीदार:
१. (सही) अर्जुनराव नखाते. शिडी उद्या आणून देतो.
२. (सही) डॉ. नेहा बनसोडे

ठिकाण: रहाटणी
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५