नळी कापल्यावरची फुस्स

३ सप्टेंबर
फुस्स! दिवसभर तेच. ह्यांनी पक्कडीने जुन्या फ्रीजची नळी कापायची, गॅस हवेत, तांबं पोत्यात. मी आमच्या भंगारच्या दुकानात वजनकाट्यावर बसून ऐकत होते. शी! ह्या गॅसवर कधीच बंदी आली, पण जुन्या फ्रीजच्या पोटात तो अजून आहे. तो ओढून टाकीत भरायचं मशीन आहे की दुकानात — चादर पांघरून! वर ह्यांचा चहाचा थर्मास.

५ सप्टेंबर
सरकारी तपासनीस आले. चादर निघाली. मशीनचा फोटो, 'तपासलं' असं नवं स्टिकर, चहा. चादर परत जागेवर. चालू करून दाखवा, असं कोणी म्हणालंही नाही. ओकारी येते ह्या सगळ्यांची.

११ सप्टेंबर
लेकीचा फोन. दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर ती फुगे सोडते, वरचा ओझोन मोजायला. "आई, तो गॅस लवकर विरत नाही गं. वर्षानुवर्षं चढत जगभर पसरतो. इथे हिवाळ्याच्या अंधारात वर बर्फाचे ढग जमतात. मग ऊन आलं की त्या गॅसमधला क्लोरीन ओझोन खात सुटतो."

ह्यांना सांगितलं. "इथली फुस्स तिथे जाते? येताना परत घेऊन ये म्हणावं!" आणि हसले, स्वतःच्याच विनोदावर. पोटची पोर ओझोनच्या त्या भोकाखाली उभी आहे! ताट आपटूनच वाढलं.

८ ऑक्टोबर
लेकीचे डोळे उन्हाने भाजले. वर ओझोनच नाही, तर ऊन अडवणार कोण! फुग्याची दोरी अडकली म्हणून काळा चष्मा काढला होता, तेवढ्यात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. बरे होतील म्हणतात तिथले डॉक्टर. फोन मुद्दाम ह्यांच्याकडे दिला. नुसतं "हं... हं..." ठेवल्यावर विचारतात, "तिला दिसत नाहीये?"

"नाही. विनोद सांगा ना एखादा!"

९ ऑक्टोबर
चादर मीच ओढली. "लावा मशीन!" ह्यांनी मागचं झाकण उघडलं. आत मोटरच नाही! "केव्हाच विकली." आणि बाहेरून ओळीने स्टिकरं! भंगारातल्या मोटरी तर सगळ्या जळालेल्या. इतकी किळस आली ह्या माणसाची, की मी खोलीचं दार लावून घेतलं.

११ ऑक्टोबर
सकाळी दूध नासलेलं. घरातला आमचा जुना फ्रीज पुढे ओढलेला, मागून मोकळा. दुकानात मशीन घरघरत होतं — आमच्याच फ्रीजच्या मोटरीवर!

"आणि आपल्या फ्रीजमधला गॅस?"

ह्यांनी मान खाली घातली. "मोटर काढायची, तर तेवढा सोडावा लागला."

काय करू मी ह्या माणसाचं!