लोपीसबाईंना ऐकू येणारी शिट्टी

९ जानेवारी
सकाळी शेजारच्या लोपीसबाई दारात. बेल दोनदा वाजवली म्हणे, मग दार ठोकलं.
"परुळेकर, तुमच्या भिंतीतून शिट्टी येते. दिवसभर. डोकं उठतं माझं."
बाई शाळेत संगीत शिकवायच्या. वसईजवळच्या सांडोरचं घर भावांत वाटलं गेलं तेव्हा इथे विरारला, बोळिंजमध्ये फ्लॅट घेतला. एकट्याच राहतात. चर्चच्या क्वायरमध्ये अजून गातात. कान तिखट असणारच.
शिट्टी कसली, माझा सर्व्हर. ऑफिसने बाद केलेला, पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा, आत बोटभर पंख्यांची रांग. बेडरूमच्या कपाटात ठेवलाय, बाईंच्या भिंतीला लागून. मला विचाराल तर नुसती घरघर आहे. बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, तिथे असली धुडं एका खोलीत शेकड्याने. याला काय आवाज म्हणायचं?
तरी बंद केला. घर एकदम...

१० जाने.
ठरलं. छोटा, कमी विजेचा, आवाज न करणारा सर्व्हर स्वतः जुळवायचा. व्हीआरएस घेऊन दीड वर्ष झालं, हात गंजायला लागलाय. नवीन काही शिकायचं तर मोडायला स्वतःचं मशीन पाहिजे. घरून करायच्या एका कामासाठी अर्ज टाकलाय, इंटरव्ह्यू एकवीसला. शिवाय अन्वयचे फोटो ठेवायला जागा.
अन्वय म्हणजे नातू, लेकीचा मुलगा. त्याची आजी सुनंदा त्याला सांभाळायला लेकीकडे, मुग्धाकडे पुण्याला गेली ती तीन महिन्यांसाठी. अन्वय आता दोन वर्षांचा आहे.
संध्याकाळी सु.चा फोन. काय काय सांगत होती. हो हो म्हटलं.

१३ जाने.
पार्ट अजून वाटेत. दिवसभरात बोललेलं एकूण: दूधवाल्याला "अर्धा लिटर".

१६ जाने.
सगळं आलं. डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून बसलो. डब्याएवढं कॅबिनेट, हाताच्या पंजाएवढा बोर्ड. पेस्ट लावून प्रोसेसर बसवला, बसला बरोबर. पंखा एकच, मोठा, सावकाश फिरणारा. छोटे पंखे जोरात पळवण्यापेक्षा मोठा एक हळू फिरवावा, आवाज तिथेच निम्मा होतो. पंख्याखाली रबराच्या चकत्या. डिस्क फिरत्या नाहीतच, सगळ्या एसएसडी.
चार तास भान नव्हतं. "आता बघ हं" असं मोठ्याने म्हणालो. कोणाला कोण जाणे.

१८ जाने., रविवार
चालू झाला! दिवा लागला नसता तर कळलंही नसतं. जाळीतून कागदाची पट्टी धरून पाहिली, पंखा फिरतोय. कान लावला. काही नाही. शून्य.
लोपीसबाई चर्चमधून, मिसाहून आल्या, त्यांना मुद्दाम बोलावलं. चप्पल काढून आत आल्या, कपाटाजवळ उभ्या राहिल्या, मान कलती केली.
"घरघर गेली हो. शिट्टी आहे."
"कुठे?"
"ही काय. बारीक झालीय, पण आहे. सुईसारखी."
म्हटलं, बाई, तुमच्या कानात बसलीय ती आता. जरा हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नाहीत. चहा विचारायचं राहिलंच. त्या गेल्यावर आठवलं.

१९ जाने.
खात्री करावी म्हणून फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. फोन सर्व्हरजवळ धरला. पडद्यावर उजवीकडे, बारीक आवाजांच्या पट्ट्यात, एक सुळका ताठ उभा. सर्व्हर बंद केला, सुळका गेला. चालू केला, आला.
पाच वेळा केलं.
कान टेकवून बसलो पत्र्याला. काही नाही.
ॲप भिकार असणार.

२१ जाने.
इंटरव्ह्यू. तिघं होते, मुग्धाच्या वयाचे. हेडफोन लावूनही एकाचं बोलणं पुसट. "बॅच कशा हाताळायचात?" रोजच्या डे-एंडच्या बॅच, म्हणजे दिवसअखेरचे हिशेब, अठ्ठावीस वर्षं तेच केलं. सात-आठ मिनिटं मन लावून बोललो. मग मधली मुलगी अगदी सावकाश म्हणाली, "सर, आम्ही पॅचेसबद्दल विचारलं होतं."
सॉरी म्हटलं. पॅचबद्दलही, सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्यांबद्दलही बोललो. पण ती तिघं पुढे फार हळू आणि फार गोड बोलायला लागली. म्हाताऱ्याशी बोलतात तसं.
कॉल संपल्यावर शर्ट बदलायचंही सुचलं नाही. इस्त्रीच्या शर्टात भात लावला.

२४ जाने.
लोपीसबाईंची बेल मी वाजवली. म्हटलं, एक काम आहे, तुमच्या कानांचं.
दोघं डायनिंग टेबलाशी बसलो. फोनवर एक सूर चढत चढत बारीक होत जातो, असं ॲप. दोघांनी डोळे मिटायचे, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. बाईंना गंमत वाटली. "शाळेत मी मुलांना करायला लावायचे असलं."
सूर चढला. आणखी चढला. थांबला. मी हात खाली घेतला. फोन बंद पडला की काय म्हणून डोळे उघडले.
बाई डोळे मिटून बसलेल्या. हात सरळ वर.
फोन चालू होता. आकडे पळत होते. बाईंचा हात वरच. किती वेळ मी बघत होतो. मग त्यांनी हात खाली केला, डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. स्वतः उठल्या, ओट्याशी गेल्या, चहा टाकला. साखर कुठे ते विचारलं नाही, शोधली.
जाताना म्हणाल्या, "कान दाखवून घ्या. मी येऊ का बरोबर?"
नको म्हटलं.

२७ जाने.
विरार स्टेशनजवळचा कानाचा दवाखाना. बंद खोलीत हेडफोन, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. बराच वेळ बटण तसंच हातात.
तपासणारी मुलगी चांगली होती. समोर बसून, तोंड माझ्याकडे करून बोलली. आलेख दाखवला. सुरुवातीला बरा आहे, मग कड्यावरून पाय घसरल्यासारखा खाली.
"काका, स, श, फ, च, ही अक्षरं तुम्हाला नीट पोचत नाहीत. तुम्ही अंदाजाने भरता. मोठ्या आवाजात काम केलंय का?"
"अठ्ठावीस वर्षं."
"कानात बोळे घालायचात?"
दाराशी डबा टांगलेला असायचा बोळ्यांचा. जो घालायचा त्याला आम्ही हसायचो.
दोन्ही कानांना मशीन लागेल. माप दिलं. यायला दोन आठवडे.

२८ जाने.
सासूबाईंच्या वेळचं डोक्यातून जात नाही.
नऊ वर्षं झाली. मी हॉलमध्ये, सु. स्वयंपाकघरात, मिक्सर चालू. ती आतून म्हणाली, "आईला ॲडमिट केलंय." मला ऐकू आलं, आईने फोन केलाय. मी म्हणालो, "बरं झालं."
ती एकटीच रत्नागिरीला गेली, मला वाटलं आईने बोलावलंय. सासूबाई चौथ्या दिवशी गेल्या.
नंतर शपथ घेऊन सांगितलं की मला तसं ऐकूच आलं नव्हतं. ती म्हणाली, "दहा पावलांवर होतात तुम्ही." त्यानंतर विषय काढला नाही तिने. भांडणात एवढंच म्हणायची: तुम्ही ऐकतच नाही. मला वाटायचं, बायका म्हणतात तसं म्हणते.
आता कागद आहे माझ्याकडे. कागद दाखवून काय होणार? तेव्हा कान इतके गेले होते का, ते कोण सांगणार? आणि जे स्वच्छ ऐकू यायचं, ते तरी मी कुठे...

३१ जाने.
शिट्टी सापडली. पॉवर सप्लायमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी थरथरते, तिचा आवाज. सप्लाय बदलला. ॲपमधला सुळका गेला. तरी लोपीसबाईंना बोलावलं. चांगली दोन मिनिटं उभ्या राहिल्या.
"काही नाही. अगदी काही नाही."
मला कालही असंच होतं.
सर्व्हर मात्र झकास. थंड, नेमका. मुग्धाच्या फोनवर जोडणी करून दिलीय, अन्वयचे फोटो आपोआप येतात. आज चौदा आले. एकात कडेला सु.चा हात आहे, वाटी धरलेला.

३ फेब्रु.
सु.ला सांगितलं. व्हिडिओ कॉल, दुपारी, अन्वय झोपला होता तेव्हा. आधी सर्व्हरबद्दलच बोलत राहिलो, ती कंटाळली. मग एकदम सांगून टाकलं. दवाखाना, आलेख, मशीन.
ती काहीतरी बोलली. मान वळवून, खिडकीकडे बघत. इतकी वर्षं अशा वेळी मी हो हो म्हणत आलो.
म्हटलं, "ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघून सांग."
तिने बघितलं. म्हणाली, "रिपोर्ट पाठवा."
फोटो काढून पाठवला. पाहिल्याची खूण लगेच आली.

४ फेब्रु.
सकाळी मेसेज. एकच ओळ.
"मग एवढी वर्षं मी बोलत होते ते कोणाशी?"
चिडून लिहिलंय की रडत की नुसतंच, कळत नाही. आवाजात असतं ना ते. तीन उत्तरं लिहिली, तिन्ही पुसली.
पेपर उघडला, मिटला. दुपारी जेवलो नाही.

५ फेब्रु.
पुण्याला जातोय. मुग्धाला कळवलं, सु.ला तिने सांगितलं असेल. सु.कडून "या" नाही, "नको" नाही.
लोपीसबाईंना किल्ली दिली. भावाच्या वाडीतली सुकेळी, सुकवलेली केळी, दिली त्यांनी, पानात बांधलेली, बाळासाठी. "मशीन येईपर्यंत थांबायचं होतं," म्हणाल्या. "तिचं बोलणं नीट कळेल तरी."
खरं आहे. पण आणखी आठवडाभर थांबलो तर जाणार नाही, मला माहितेय.

६ फेब्रु.
एसटी. खिडकीची जागा. घोडबंदर मागे गेलं. शेजारचा माणूस मघापासून काहीतरी विचारतोय. त्याला सांगितलं, मला कमी ऐकू येतं. अनोळखी माणसाला पहिल्यांदाच सांगितलं. तो मोठ्याने म्हणाला, "पुण्याला कोण असतं?"
"बायको," म्हटलं.
तो थांबला, पुढचं सांगेन म्हणून.